एपिकॉन, मॅपिकॉन की रविवारची सीएमई? तालुक्यातल्या फिजिशियनसाठी एक तुलना

शहरात मोठ्या हॉस्पिटलात पगारावर असलेल्या डॉक्टरला कॉन्फरन्सला जायचं असेल तर रजेचा अर्ज टाकला की झालं. तालुक्याच्या गावी पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या एमडीला मात्र आत भरती असलेले पेशंट कुणाच्या भरवशावर सोडायचे, इथून विचार सुरू करावा लागतो. हा आढावा त्या दुसऱ्या डॉक्टरसाठी आहे. वर्षातून एकदा सलग दोन-तीन दिवस बाहेर पडणं जमतं, बाकी अधूनमधून एखादा रविवार. हे दिवस कुठे घालवायचे एवढाच प्रश्न आहे: फिजिशियनांच्या राष्ट्रीय कॉन्फरन्सला (एपिकॉन), राज्याच्या कॉन्फरन्सला (मॅपिकॉन) की जवळच्या रविवारच्या सभेला.

क्रेडिट पॉइंट्सचा मुद्दा आधीच बाजूला काढतो, कारण निम्मे निर्णय त्याच्यापायी चुकतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण (सीएमई) सांगितलं आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना ३० पॉइंट्स मागते. म्हणजे वर्षाला सरासरी सहा. जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या सीएमईंना नेमाने हजेरी लावली तर एवढे पॉइंट्स आरामात जमतात. तेवढ्यासाठी दिल्ली-कोलकात्याचं तिकीट काढायची गरज नाही. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या कार्यक्रमाचे पॉइंट्स आपल्या खात्यावर कसे चढणार, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावं लागतं. नूतनीकरणाच्या महिन्यात प्रमाणपत्रं शोधत बसण्यात काही अर्थ नाही. आपल्याच राज्यात असाल तर फॉर्मवर नोंदणी क्रमांक नीट लिहा, हजेरीची सही विसरू नका, बस्स.

मग खर्च. डेलिगेट फी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग, तरी चर्चा त्याचीच होते. अर्ली बर्डमध्ये भरली तर कमी, उशीर केला तर जास्त, स्पॉटला सर्वांत जास्त; सभासदाला स्वस्त, पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्याला) आणखी स्वस्त, आणि वर बहुतेक ठिकाणी जीएसटी. खरा खर्च बंद ओपीडीचा. गुरुवार ते रविवार दाराला कुलूप असेल तर सोमवारी नेहमीचे पेशंट येतात, पण नवे पेशंट समोरच्या डॉक्टरकडे गेलेले असतात. लोकम, म्हणजे आपल्या जागी तात्पुरता काम बघणारा डॉक्टर, मिळाला तर त्याचे पैसे, नाही मिळाला तर भरती पेशंट जिल्ह्याला पाठवण्याचा व्याप. हे सगळं धरून हिशेब केला की राष्ट्रीय कॉन्फरन्सचा एक दिवस राज्याच्या कॉन्फरन्सच्या दिवसापेक्षा बराच महाग पडतो, कारण जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात.

एवढं करून तिकडे मिळतं काय? असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया ही १९४४ सालची संघटना, तिचं वार्षिक अधिवेशन म्हणजे एपिकॉन. २०२४ मध्ये ते दिल्लीला झालं, २०२५ मध्ये कोलकात्याला. एकाच वेळी अनेक हॉल सुरू असतात. मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, संसर्गजन्य रोग, ज्याची त्याची गर्दी वेगळी. ज्यांच्या नावावर आपण पाठ्यपुस्तकातली प्रकरणं वाचली, ती माणसं समोर बोलताना दिसतात. नव्या औषधांच्या चाचण्यांवर देशातले त्या त्या विषयातले जाणकार काय म्हणतात हे एका छताखाली ऐकायला मिळतं. पीजीने पोस्टर किंवा पेपर लावायचा असेल, क्विझला उतरायचं असेल, पुढे फेलोशिपसाठी ओळखी हव्या असतील तर एपिकॉनला पर्याय नाही. त्याने जावंच.

प्रॅक्टिसमध्ये मुरलेल्या फिजिशियनची गोष्ट वेगळी आहे. हॉल ए मधलं व्याख्यान अर्धं सोडून हॉल डी मध्ये पोचावं तर तिथे बसायला जागा नाही. वीस मिनिटांच्या व्याख्यानात वक्ता पन्नास स्लाइड दाखवतो आणि प्रश्नोत्तरांची वेळ आली की चेअरपर्सन घड्याळ दाखवतात. जे ऐकलं ते बरोबर असतं, पण त्यातलं बरंचसं थोड्याच काळात जर्नलमध्ये किंवा व्हिडिओवर घरबसल्या मिळतं. आणि ज्या तपासण्या गृहीत धरून वक्ता बोलतो, त्यांतल्या निम्म्या आपल्या गावात होत नाहीत.

माझा कल राज्याच्या कॉन्फरन्सकडे आहे, आणि त्याचं कारण अस्मिता नाही, पेशंट आहेत.

याच असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेची मॅपिकॉन दरवेळी राज्यातल्या वेगळ्या शहरात भरते. बालरोगतज्ज्ञांची महापेडिकॉन, सर्जन मंडळींची मॅसिकॉन, आयएमएची (इंडियन मेडिकल असोसिएशनची) मास्टाकॉन यांचीही तीच रीत. या ठिकाणी बोलणारा माणूस नागपूरच्या, सेवाग्रामच्या, मिरजेच्या किंवा मुंबईच्या वॉर्डातून आलेला असतो आणि त्याच्या वॉर्डात आपणच पाठवलेले पेशंट असतात. सर्पदंशाचं सत्र घ्या. राष्ट्रीय व्यासपीठावर ‘चार मोठे’ विषारी साप (नाग, मण्यार, घोणस, फुरसं), प्रतिविषाच्या मात्रा, मार्गदर्शक तत्त्वं इथवर गोष्ट येते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं, हेही तिथे कळेल. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशाचा दंश, घाटमाथ्यावर घोणस, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतंय म्हणून घेऊन येतात तो मण्यार, हे तीन वेगळे पेशंट आहेत. मण्यारच्या दंशाची खूण दिसतच नाही, नातेवाईक साप म्हणतही नाहीत, आणि पापण्या जड व्हायला लागल्यावर हातात व्हेंटिलेटर किंवा निदान हाताने दाबून श्वास देण्याची अँब्यू बॅग नसेल तर पुढे काही उरत नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळ्यांना पाठ असते. ती कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीतच करायची, प्लास्टिकच्या नळीत किंवा साबण राहिलेल्या बाटलीत ती फसवते, हे ज्याने रात्री दोन वाजता ती केली आहे तोच ठासून सांगतो. अशी माणसं राज्याच्या कॉन्फरन्सला भेटतात, आणि चहाच्या रांगेत भेटतात.

हे नुसतं जिल्ह्याजिल्ह्याचं कौतुक नव्हे. विंचूदंशावरचा प्रॅझोसिनचा उपचार जगापुढे आला तो महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यामुळे. लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी भरून मरणारी मुलं त्यांनी कोकणात पाहिली, तिथेच उपचार बसवला, ‘लॅन्सेट’ आणि ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं घरपोच नवजात बालसेवेचं संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे देशाच्या कार्यक्रमात गेलं. आपल्या भागातले आजार आपल्याच भागातल्या माणसांनी उलगडल्याची ही उदाहरणं.

यादी वाढवता येते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल. राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य आहे, पण हायड्रॉक्सियुरिया हे औषध कुणाला, कधी आणि रक्ततपासणी किती दिवसांनी, हे रोज पेशंट पाहणाऱ्याकडून ऐकण्यात फरक पडतो. कोकणात लेप्टोस्पायरोसिस. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडताप, ज्याची शंका साताऱ्याच्या डॉक्टरला येणार नाही आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या डॉक्टरला लगेच येईल. सावंतवाडीत प्रॅक्टिस असेल तर मी म्हणेन, गोव्यातली कॉन्फरन्सही आपल्याच विभागातली धरा. रोग राज्याची सीमा पाळत नाहीत आणि पेशंट तर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जातातच.

राज्याच्या कॉन्फरन्सची खोट सांगायला हवी. दर्जा यजमान शाखेवर अवलंबून असतो. कार्यक्रमपत्रिकेत कधी कधी विषयापेक्षा मान राखण्याला जास्त जागा मिळते: उद्घाटनाला दीड तास, सत्कार, शाल-श्रीफळ, माजी अध्यक्षांची ओळख, आणि दुपारची सत्रं पुढे सरकतात. म्हणून फी भरण्याआधी पत्रिका मागवा. ‘अपडेट इन’ने सुरू होणारी व्याख्यानं जास्त असतील तर तोच मजकूर इतरत्रही मिळेल. केस चर्चा, पॅनेल, कार्यशाळा जास्त असतील तर जा. पत्रिका शेवटच्या आठवड्यापर्यंत ‘लवकरच’ असेल तर त्या वर्षी घरी बसा.

रविवारची, संघटनेच्या स्थानिक शाखेची सीएमई स्वस्त आहे, जवळ आहे आणि तिच्यात एक गुण असा आहे जो मोठ्या कॉन्फरन्सला कधीच येणार नाही: वेग. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा पायातली ताकद गेलेल्या माणसाला कधी भरती करायचं, श्वासावर नजर कशी ठेवायची, हे आसपासच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात हवं होतं. राष्ट्रीय अधिवेशनाची पत्रिका कितीतरी महिने आधी ठरलेली असते. स्थानिक शाखा मनात आणेल तर चार दिवसांत न्यूरॉलॉजिस्टला बोलावून सभा लावू शकते. शिवाय ज्या कन्सल्टंटला आपण पेशंट पाठवतो तोच समोर उभा असतो. ‘सर, तुम्ही परत पाठवलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर डोस वाचता येत नाही’ हे तोंडावर सांगायची हीच जागा. पण तास-दीड तासाचं व्याख्यान आणि नंतर जेवण, यापलीकडे खोली येत नाही.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. कोविडनंतर वेबिनारची सवय लागली, ती वाईट नाही. रात्री साडेनऊला ओपीडी आटोपून नवी मार्गदर्शक तत्त्वं समजून घ्यायला ते उत्तम. मात्र कॅमेरा बंद, मोबाइल बाजूला आणि आपण राउंडवर, असं असेल तर ते शिक्षण नाही, नुसती हजेरी आहे.

एका गोष्टीला मात्र कुठलंही व्याख्यान पर्याय नाही: हाताने करायची कामं. इंट्यूबेशन, सीपीआर, पोटाची-छातीची झटपट सोनोग्राफी, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज. बीएलएस-एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, आणि सराव त्याच्या आधीच विसरतो. राज्याच्या कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी कार्यशाळा असतील तर मुख्य दोन दिवस सोडून फक्त त्या करून परत येणंही शहाणपणाचं आहे. जागा कमी असतात, लवकर भरतात.

आता पैसे कोण भरतं ते. एकेकाळी तिकीट आणि हॉटेल एमआरच्या (औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या) हातून येई आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. २००९ च्या डिसेंबरात आचारसंहितेत दुरुस्ती होऊन डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी आली. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी समान संहिता काढली. वक्ता म्हणून जाणाऱ्यांचा अपवाद सोडला तर डॉक्टरांच्या प्रवास-मुक्कामाचा खर्च कंपनीने करू नये आणि परदेशात असे कार्यक्रम भरवू नयेत असं त्यात आहे. त्यामुळे तुलना करताना ‘ती कॉन्फरन्स मला फुकट पडेल’ हा मुद्दा यादीतून खोडून टाका. स्वतःचे पैसे घातले की माणूस पहिल्या सत्राला वेळेवर येतो, हा अनुभव आहे. स्टॉल आणि प्रायोजित सत्रं सगळीकडे असतात. राष्ट्रीय ठिकाणी जास्त, शाखेच्या सभेत एखादंच, पण तिथे त्या एका प्रायोजकाचं औषध आणि व्याख्यानाचा विषय फारच जुळत असेल तर जेवून घरी यावं.

नर्स आणि तंत्रज्ञांना बरोबर न्यायचं का, हा प्रश्न मला वारंवार विचारतात. त्यांच्या कौन्सिल वेगळ्या, तुमचे पॉइंट्स त्यांना लागू नाहीत. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या आरएमओचंही (हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरचंही) तसंच. तरी सीपीआर किंवा सर्पदंशाची कार्यशाळा असेल तर सिस्टरना न्याच. रात्री पेशंट पहिल्यांदा बघणाऱ्या त्याच असतात. त्यांच्यासाठी वेगळं सत्र आहे का हे आयोजकांना फोन करून विचारा. मराठीतून असेल तर अधिकच बरं.

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिशियनला मी असं सांगेन: दर वर्षी राज्याची कॉन्फरन्स, तीही कार्यशाळेसकट, अधूनमधून शाखेच्या सभा, एपिकॉन तेव्हाच, जेव्हा ती मुंबई, पुणे, हैदराबादसारख्या रात्रीच्या प्रवासात गाठता येणाऱ्या शहरात असेल किंवा तुमचा स्वतःचा पेपर असेल. नुकतं एमडी झालेल्याने हा क्रम उलटा लावावा. गावात दोघं-तिघं फिजिशियन असाल तर एकाच कॉन्फरन्सला सगळ्यांनी जाऊ नका. आळीपाळीने जा, मागे राहिलेल्याने इतरांचे पेशंट बघावेत. लोकमचे पैसे वाचतात आणि गाव उघडं पडत नाही.