कॉलेजात पहिल्यांदाच नाचायचंय? साल्सा, हिप-हॉप की कथक

लहानपणी कधी क्लास लावला नाही, आणि आता कॉलेजात आल्यावर नाचावंसं वाटतंय. अशा वेळी बहुतेक जण 'सगळ्यात सोपं काय?' असं विचारतात. सोपं काहीच नसतं. त्यापेक्षा नाचल्याची पहिली मजा कधी येते आणि तोवर दम धरायची आपली तयारी आहे का, हे बघावं. या तिघांत खरा फरक तिथेच आहे.

जोडीने नाचायचा साल्सा सगळ्यात लवकर हाती लागतो. आकडे आठ मोजायचे, पावलं मात्र सहाच: एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठला नवं पाऊल नाही. नवशिके हमखास इथेच फसतात. चारला पाय स्वस्थ बसत नाही, नकळत वजन दुसऱ्या पायावर जातं आणि पाचला भलताच पाय पुढे येतो. त्यात गाणी वेगाची, बरीचशी मिनिटाला १६० ते २२० ठोक्यांच्या घरातली. तरी बेसिक पाऊल आणि एखादं वळण पहिल्या एक-दोन तासांत जमतं, आणि तेवढ्या भांडवलावर एक अख्खं गाणं नाचता येतं. लय पकडायला फारच जड जात असेल तर आधी बचाटा हा जोडीचाच दुसरा नाच करून पाहा: तीन पावलं, चौथ्याला टॅप, आणि गाणीही संथ.

जोडीदार नाही म्हणून अडून बसू नका. बहुतेक क्लासमध्ये दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात, त्यामुळे एकटं जाणंच बरं पडतं. सुरुवातीला लीड करणाऱ्याचे, म्हणजे जोडीत नाच पुढे नेणाऱ्याचे, हाल जास्त. स्वतःची पावलं सांभाळायची, पुढची मूव्ह ठरवायची, शिवाय मागच्याला धक्का लागू द्यायचा नाही. फॉलो करणारा, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर नाचणारा, सुरुवातीला भराभर पुढे जातो, पण समोरचा निवांत लीड करतोय म्हणून आपल्याला येतंय असा त्याचा समज होऊ शकतो. कोण मुलगा, कोण मुलगी यावर भूमिका ठरवायची काहीच गरज नाही. जमल्यास दोन्ही शिका. परक्याचा हात धरायचा संकोच वाटणं साहजिक आहे. नको असेल तिथे सरळ 'नको' म्हणता येईल असा क्लास असेल तरच टिका.

हिप-हॉपच्या नावाखाली काय शिकवतात, ते आधी विचारून घ्या. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये आकाराला आलेलं आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेलं ब्रेकिंग, म्हणजे जमिनीवर गिरक्या-कसरतींचा नाच, वेगळं. पॉपिंग (स्नायूंना झटके देत नाचणं) आणि लॉकिंग (मध्येच क्षणभर थिजून पुढे जाणं) वेगळं. कॉलेजात 'हिप-हॉप' म्हणजे बऱ्याचदा एका गाण्यावर बसवलेली कोरिओग्राफी. ती पाठ होते, व्हिडिओ झकास येतो, आणि गाणं बदललं की आपण खांबासारखे उभे. गुडघ्यातला बाउन्स, छातीचं रॉक, मान-खांदे-कंबर सुटी हलवणं, एवढ्यावर जो शिक्षक वेळ घालवतो तो धरून ठेवा. जोडीदार लागत नाही, खोलीत एकट्याने सराव होतो, हा यातला मोठा फायदा. लाजाळू माणसाला मात्र आरसा छळतो.

कथकला घाई चालत नाही. कितीतरी दिवस 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' एवढंच. सोळा मात्रांचा तीनताल, तळपाय सपाट आपटायचा, एकगुण म्हणजे मूळ लय जमली की दुगुण म्हणजे दुप्पट, मग चौगुण म्हणजे चौपट. दुगुणीत गेलं की खांदे हलायला लागतात, दोन्ही पायांचे आवाज सारखे येत नाहीत, आणि आपली समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, टाळी सगळ्यांच्या नंतर वाजते. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलायचं? भरतनाट्यमचीही हीच गत. तिथे अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसलेल्या स्थितीत, मांड्या भरून येतात. किमान वर्षभर टिकायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका. परीक्षा आणि सुट्ट्यांमध्ये महिना-महिना खंड पडत असेल तर पाय पुन्हा मागे जातात. पण पढंत (तोंडाने बोल म्हणणं) तोंडात बसली, एखादी तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) बरोबर समेवर येऊन पडली, की लय अंगात मुरायला लागते. पुढे काहीही नाचलात तरी ती कामी येते.

माझा कौल विचाराल तर: ओळखी वाढवायच्या असतील आणि आठवड्याला एकच संध्याकाळ मोकळी असेल तर साल्सा. एकट्याने घाम गाळायचा असेल तर हिप-हॉप, पण बेसिकपासून. रोज वीस मिनिटं पाय मारायची शिस्त असेल तर बेलाशक कथक. दोन प्रकार एकदम सुरू करू नका. पहिल्या सत्रात ते झेपत नाही.

काहीही निवडलंत तरी पहिल्याच वर्षी स्पर्धेच्या टीमच्या ऑडिशनला धावू नका. तिथे स्पर्धेची तारीख ठरलेली असते, थांबून शिकवायला कोणाला सवड नसते, आणि नवख्याला मागच्या रांगेत तीच आठ-दहा पावलं घोटावी लागतात. नवशिक्यांसाठीचा खुला क्लास बरा. खास बूट, घुंगरू यांवर आत्ताच खर्च नको. साल्साला फक्त जाड रबरी तळाचे बूट टाळा: गिरकी घेताना तळ जमिनीला धरून बसतो आणि पीळ थेट गुडघ्यात जातो.