तिकिटावर एक तास जास्त होता

सदतीस हजार आठशे रुपये, मुलीच्या बोगस विमान-तिकिटात गेलेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे तेच विचारतात. हे माझे. माझ्या शब्दावर पैसे भरणाऱ्या आणखी चार घरांचे प्रत्येकी तेवढेच, म्हणजे एकूण १,८९,०००. आणि मी पतसंस्थेत कॅशियर आहे. अकरा वर्षं काउंटरवर बसून लोकांच्या सह्या ताडून बघते. एका सहीचं शेपूट वेगळं दिसलं तर माणसाला परत पाठवते. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते, कारण डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तिकिटांची गर्दी होईल आणि ते तिकीट विकणारा माणूस अजून मोकळा फिरतोय.

मुलगी किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएस करते, आता तिसरं वर्ष. २०२४ च्या मे महिन्यात तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला होता. १७-१८ मेची ती रात्र ज्यांची मुलं तिथे होती त्यांना वेगळी सांगायला नको. दूतावास सांगत होता बाहेर पडू नका, आणि मुलगी दाराला पलंग लावून माझ्याशी कुजबुजत बोलत होती. जून उजाडल्यावर मिळेल त्या विमानाने मुलं घरी आली. साहजिकच परत जाण्याची वेळ सगळ्यांची एकच आली, ऑगस्टचा शेवट. आखातातून फिरून जाणारी तिकिटं मी रोज बघत होते, चाळीस हजारांच्या खाली काही नव्हतं.

अशात हा माणूस. तिच्या कॉलेजचा जुना सीनियर, मुलं त्याला 'सर' म्हणतात. डिग्री पूर्ण केली की नाही देव जाणे, पण ग्रुप बुकिंग करतो, आधीच्या दोन बॅचेस त्याने खरोखर नेल्या होत्या. हे मी तीन घरांत फोन करून विचारलं होतं, तेव्हा 'चौकशी न करता पैसे दिले' असं कुणी मला म्हणू नये. चौकशी केली होती. त्याची मागची दोन कामं खरी होती, तिसरं नव्हतं. हे लोक पहिल्या दोन कामांतून तिसऱ्याची तयारी करतात, हे मला कळायला हवं होतं. पतसंस्थेत थकबाकीदारही पहिले दोन हप्ते वेळेवरच भरतो.

दर सांगितला २७,५००. दिल्ली ते कझाकस्तानातलं अल्माटी विमान, चाळीस किलो सामान, आणि अल्माटीच्या विमानतळावरून व्हॅनने थेट बिश्केकच्या हॉस्टेलच्या दारात. हा मार्ग बोगस नाही, खूप मुलं असंच जातात. अल्माटीहून बिश्केक रस्त्याने साधारण २४० किलोमीटर, मध्ये कोरदायला दोन्ही देशांची सीमा. म्हणून तर पटलं. पूर्ण खोटं असतं तर मी ओळखलं असतं, असं मी स्वतःला रोज सांगते.

११ जुलैला १०,००० भरले. १९ जुलैला १७,५००. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव येतं ना, तिथे त्याचं नाव नव्हतं, त्याच्या 'ट्रॅव्हल्स'चंही नव्हतं. कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं होतं. मी फोन केला. "ताई, ते आपल्या पार्टनरचं अकाउंट आहे, एअरलाइनला पेमेंट तिथूनच जातं." मी म्हटलं बरं. माझ्या काउंटरवर एखाद्याने दुसऱ्याच्या खात्याचं असं कारण दिलं असतं तर मी त्याला खुर्चीवर बसवून मॅनेजरला बोलावलं असतं. ते पडद्यावरचं नाव वाचा. रोज वाचतो आपण ते, दूधवाल्याला वीस रुपये देताना वाचतो, आणि हजारोंच्या वेळी अंगठा पुढे धावतो.

मग २ ऑगस्टला ३,८०० 'फ्यूल सरचार्ज वाढला' म्हणून. १७ ऑगस्टला ६,५०० 'कझाकस्तानचं ट्रान्झिट परमिट' म्हणून. हा दुसरा आकडा मला सगळ्यात जास्त बोचतो. भारतीय पासपोर्टवाल्याला जुलै २०२२ पासून कझाकस्तानात १४ दिवस व्हिसाच लागत नाही. पाच मिनिटं शोधलं असतं तर सापडलं असतं. पण मला वाटलं, विमानाने उतरणाऱ्याला नसेल लागत, रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्याला काही वेगळं असेल. त्याला माहीत होतं की आईबापांना असंच वाटणार.

तिकीट म्हणे ग्रुपचं असल्यामुळे आठ दिवस आधीच येतं. २० ऑगस्टच्या रात्री आलं. विमान २८ तारखेचं, बुधवार, दिल्लीहून सकाळी ११ वाजता. मी एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला. मुलीचं नाव आलं, विमान आलं, तारीख आली. जीव भांड्यात पडला. लगेच बाकी चौघींना फोन केले की बघितलं गं मी, कन्फर्म आहे.

आणि आता तो क्षण. मुलगी माझ्या शेजारी बसून मोबाइलवर तिकिटाची पीडीएफ बघत होती. म्हणाली, "आई, हे १५.२० ला पोहोचतं असं लिहिलंय. साइटवर १४.२० आहे."

मी म्हटलं, "अगं, तासभर इकडेतिकडे."

ती म्हणाली, "नाही गं. अल्माटीचं घड्याळ मार्चमध्ये एक तास मागे गेलं ना. ही वेळ जुनी आहे."

तिचं बरोबर होतं. १ मार्च २०२४ पासून अख्ख्या कझाकस्तानात एकच वेळ झाली आणि अल्माटी आपल्याहून अर्धा तास मागे गेलं, आधी अर्धा तास पुढे असायचं. ११ ला निघालेलं विमान पावणेचार-चार तासांत उतरतं, तर तिथल्या घड्याळात अडीचच्या आत वाजायला हवेत. सव्वातीन वाजून गेलेले दाखवणारं तिकीट कुठल्याही एअरलाइनच्या मशीनमधून २०२४ च्या ऑगस्टमध्ये निघणं शक्य नव्हतं. त्या बाबाने मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी तिकिटावर नाव, तारीख आणि पीएनआर चिकटवला होता. पोहोचण्याची वेळ बदलायची राहिली. वीस वर्षांच्या पोरीला ते दिसलं आणि मी तिला म्हटलं, झोप आता, बॅग भरायची आहे उद्या.

त्याच कागदावर 'तिकीट क्रमांक' असा रकाना होता. त्यात पुन्हा तोच सहा अक्षरांचा पीएनआर लिहिला होता. हे आता मला झोपेतही येतं: पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पीएनआर कुणीही एक पैसा न भरता तयार करू शकतो, त्याला होल्ड म्हणतात, दोन-तीन दिवस राहतो आणि पैसे न भरले की आपोआप गळून पडतो. मोठ्या एअरलाइनचं तिकीट खरंच निघालं असेल तर तेरा आकडी क्रमांक असतो आणि पहिले तीन आकडे त्या एअरलाइनचे असतात. साइटवर नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, तिकीट जारी झालंय का ते बघा. नाही कळलं तर एअरलाइनला फोन लावा, एजंटला नव्हे. आणि एकदा बघून थांबू नका, चार दिवसांनी परत बघा. माझ्या मुलीचा पीएनआर २२ ऑगस्टला रद्द झाला होता. मी २० ला बघितला आणि नंतर थेट २८ ला दिल्लीच्या काउंटरवरून मुलीचा फोन आला.

मुंबई-दिल्लीची तिकिटं मी स्वतः काढली होती, ती अर्थातच खरी निघाली. पाच मुलं रात्रभर विमानतळावर बसून सकाळी काउंटरवर गेली. तिथल्या मुलीने पासपोर्ट घेतला, टाइप केलं, परत टाइप केलं आणि म्हणाली, बुकिंग कॅन्सल्ड आहे, तिकीट इश्यूच झालेलं नाही. त्याचा फोन तोपर्यंत बंद. सप्टेंबर लागताच वर्ग. नवीन तिकीट दुसऱ्या दिवशीचं, ४६,३५०. दिल्लीत एक रात्र २,४००. नव्या तिकिटावर सामान कमी, जादा किलोंचे ९,२००. पाचही जणांना एका विमानात जागा नव्हती, दोघी २९ ला गेल्या, तिघं ३१ ला. अल्माटीत व्हॅन कुठली असणार! दोघींनी सायरान बसस्टँडवर जाऊन शेअर टॅक्सी पकडली, चाळीस डॉलर मोजले. सीमेवर सगळं सामान उतरवून, स्वतः ओढत चालत पलीकडे जावं लागतं. मुलीच्या एका बॅगेचं चाक तिथेच निघालं. हॉस्टेलला पोहोचल्यावर तिने पहिला मेसेज केला तो चाकाचा.

आता कचेऱ्यांबद्दल. माझी मुलगी सीमेवर बॅग ओढत होती तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसले होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी पोहोचली ना?" मी म्हटलं, पोहोचेल रात्रीपर्यंत. "मग?" असं म्हणून त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, हा पैशाच्या देवघेवीचा वाद आहे, दिवाणी. मग म्हणाले, तिकीट दिल्लीत नाकारलं, तक्रार दिल्लीत होते. मी घरी येऊन वाचलं: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी ते कागदावर लिहून नेलं. साहेब बदलले होते. नव्यांनी सांगितलं, आधी सायबरला जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, ठाण्यातून पत्र आणा. पत्र मागायला गेले तर लिहिणारा बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला माझा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि ही पोच म्हणजे एफआयआर नाही हे मात्र आवर्जून समजावून सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम त्यात कुठेच नाही. 'गैरसमजातून आर्थिक नुकसान' असं लिहिलंय. गैरसमज! माझा काय गैरसमज झाला होता, की विमानात बसायला मिळतं?

बँकेचं आणखी वेगळं. "मॅडम, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही." नियम मलाही माहीत आहे, पण समोरचं खातं थांबवायला काय हरकत होती? पंधरा दिवसांनी पत्र आलं, त्या दुकानाच्या खात्यात ११,२१४ रुपये अडकवून ठेवलेत. पाच घरांचे मिळून. तेही कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटणार नाहीत, असं तेव्हा सांगितलं.

यात माझीही चूक आहे आणि ती सांगते. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी पाचव्या दिवशी फोन केला, कारण ठाण्यातल्या माणसांच्या तोंडाकडे बघत बसले. तुम्ही आधी १९३० लावा, त्याच तासात, पोर विमानतळावर रडत असली तरी. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, स्क्रीनशॉट पुरत नाही. ठाणं नंतर.

आणखी सुचेल तसं लिहिते. बिल मागा, जीएसटी क्रमांक असलेलं, पत्ता असलेलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि माझ्याकडे फक्त डीपी होता. 'ग्रुप फेअर'मध्ये पैसे परत नाहीत हे खरं असतं, म्हणूनच तो शब्द त्यांना आवडतो. बऱ्याच एअरलाइन्सच्या विद्यार्थी तिकिटावर दहा किलो जादा मिळतात, ते स्वतः काढता येतं, त्यासाठी सरांची गरज नाही. दोन वेगवेगळी तिकिटं जोडत असाल तर मध्ये भरपूर वेळ सोडा, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी ओळख दाखवत नाही. आणि आखातात दोन सुटी तिकिटं जोडू नका, सामान घ्यायला बाहेर पडायचं तर तिथला व्हिसा लागेल. पासपोर्टची कॉपी पाठवाल तेव्हा तिच्यावर आडवं 'फक्त तिकिटासाठी' असं लिहून पाठवा. आमच्या पाचही मुलांचे पासपोर्ट त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. त्याचा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही, करवत नाही.

चौघींपैकी तिघी माझ्याशी बोलतात. दोघींचे पैसे मी हप्त्याने देतेय, महिन्याला पाच-पाच हजार, त्यांनी मागितले नव्हते. चौथी बोलत नाही, तिचं बरोबर आहे. तिसरी पैसे घेत नाही. ३१ तारखेच्या तिकिटासाठी तिने पाटल्या आमच्याच पतसंस्थेत तारण ठेवल्या होत्या. सोनं तोलून झालं, पावती माझ्या टेबलावर आली आणि सही मी केली. ती समोर उभी होती, मी वर बघितलं नाही. परवा तिने मला मुलाचं जानेवारीत घरी यायचं तिकीट पाठवलं, स्वतः काढलेलं, खाली एवढंच लिहिलेलं: "बघून सांगशील?"

तेरा आकडे होते. मी तीनदा मोजले. मग पोहोचायची वेळ बघितली.