घर-तपासणी सेवा: अहवाल जाडजूड, कामाची पानं मोजकी

आमच्या घराच्या तपासणीचा अहवाल नव्वदहून जास्त पानांचा आहे. त्यातली चौदा-पंधरा पानं मी खरोखर वापरली आणि तेवढ्यांवर फी वसूल झाली. बाकीच्या पानांवर प्रत्येक खोलीचे चारी कोपऱ्यांतून काढलेले फोटो, दाराच्या कडीचा फोटो, खिडकीच्या काचेवरच्या ओरखड्याचा फोटो. माझा पेशा ऑडिटचा. जाड अहवाल हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडते, कारण काय तपासलेलं नाही ते सगळे तिथेच लिहितात, तेही बारीक अक्षरात. इथेही तसंच होतं: भिंतीच्या आतलं, फरशीखालचं आणि फर्निचरमागचं आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे घराचा जो भाग सगळ्यात जास्त पैसे खातो, नेमका तोच.

घर रिसेलचं आहे. व्यवहाराआधी तपासणी झाली तर भाव पाडून मागायला तिचा उपयोग होतो, पण आमच्या विकणाऱ्याने भिंतींना यंत्रं लावू दिली नाहीत, म्हणून ताबा मिळाल्यावर आणि सामान हलवण्याआधी करून घेतली. ‘बँकेचा माणूस येऊन बघून गेला की,’ असं घरच्यांचं म्हणणं. तो कर्जाला तारण पुरेसं आहे का ते बघतो. बेसिनखाली वाकून पाइपला हात लावणं त्याच्या कामात बसत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ही सेवा आता बरेच जण देतात, साचा थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच, आणि चांगलं-वाईट ठरतं ते दारात येणाऱ्या माणसावर. आमच्याकडे दोघं आले. एक जण टॅबवर भराभर खुणा करत होता, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसरा सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, कमी बोलणारा, हातात लाकडी दांडकं.

ते दांडकं हे त्या दिवसाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हत्यार. फरशीवर टकटक करत तो घरभर फिरला. खाली माल नीट बसलेला असेल तर फरशी भरीव वाजते, पोकळी असेल तर आवाज बसका येतो. एकदा ऐकलं की आपल्यालाही कळतं. हॉलमध्ये खिडकीकडची अख्खी ओळ पोकळ निघाली. मी मनातल्या मनात हॉलच्या नव्या फरशीचा हिशेब सुरू केला, तर तो म्हणाला, ‘मॅडम, ही आत्ता काढू नका. हलत नाहीये, तडकलेली नाहीये. जड कपाट तेवढं हिच्यावर ठेवू नका.’ दोष दाखवून लगेच ‘हे राहू द्या’ म्हणणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

जाहिरातीत सगळा भर थर्मल कॅमेऱ्यावर आहे. निळे-जांभळे फोटो बघून घरातले थक्क झाले. पण तो कॅमेरा पाणी बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओल असते तिथे बाष्पीभवनामुळे भिंत जराशी थंड राहते आणि तो भाग गडद दिसतो. मात्र सावलीतला कोपराही तसाच दिसतो आणि एसीचा झोत लागलेली भिंतही. अहवालात अशा प्रत्येक फोटोखाली सरसकट ‘ओल संभवते’ छापलं आहे. बेडरूमच्या ज्या कोपऱ्यावर हा शिक्का बसला, तिथे दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र टोचलं तर भिंत ठणठणीत कोरडी. उलट ओट्याखाली कॅमेऱ्याला काही दिसलं नाही आणि यंत्राचा आकडा एकदम वर गेला.

त्या यंत्रावरही डोळे मिटून विसंबू नये. ते सुयांमधला विद्युतरोध मोजतं, आणि भिंतीला लोणा लागला असेल तर त्या क्षारांमुळे जवळपास सुकलेली भिंतही ओली दाखवतं. हे मला दांडकेवाल्यानेच सांगितलं. ओट्याखालचा पांढरा भुगा नखाने खरवडून दाखवला आणि म्हणाला, ‘गळती जुनी आहे की चालू आहे, ते हे यंत्र नाही सांगणार. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा.’ लिहून ठेवला. सकाळी तो पुढे सरकलेला होता. म्हणजे पाइप भिंतीत गळत होता, आणि हा निकाल द्यायला कुठलाही कॅमेरा लागला नाही.

विजेची तपासणी मात्र खणखणीत. गीझरला १.५ चौरस मिलिमीटरची तार आणि तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. लहान एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी मोठा बसवून टाकला असणार. एमसीबी असतो तारेला वाचवायला. तारेला झेपेल त्याहून मोठा बसवला, तर तार आधी तापते आणि एमसीबी ढिम्म राहतो. मग शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. खटका पडायला हवा होता, पडला नाही. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर जायच्या आत वीज तोडणं हे त्या डबीचं काम, आणि ती नुसती शोभेला बसली होती. घरात राहायला जाण्याआधी आम्ही पहिला खर्च तिथे केला.

याच भागात एक गोष्ट खटकली. सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा टेस्टर घालून ‘अर्थिंग योग्य’ अशी हिरवी खूण केली आहे. त्या टेस्टरने अर्थची तार जोडलेली आहे एवढंच कळतं. अर्थिंग किती चांगलं आहे ते कळायला रोध मोजावा लागतो, आणि ते त्यांच्या यादीतच नाही. आमच्या भाषेत याला व्हाउचर न बघता सही करणं म्हणतात.

बाल्कनीचा प्रकार जरा सविस्तर सांगते. छताच्या कडेला बारीक, सरळ रेषेत भेग होती. वरून रंग दिलेला, त्यामुळे आम्हाला ती रंगाचीच वाटत होती. दांडकेवाल्याने दोनदा ठोकलं, विचारून तिथला सुटलेला ढलपा काढला, आत तांबूस सळई दिसली. मग बाटलीतून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं; हे रसायन अल्कधर्मी जागी गुलाबी होतं. आतल्या बाजूचं काँक्रीट गडद गुलाबी झालं आणि सळईभोवतीचं जसंच्या तसं करडं राहिलं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३च्या आसपास, आणि त्यातच सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की हा पीएच ९च्याही खाली येतो, सळईचं कवच जातं आणि ती गंजायला लागते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि भेग सळईच्या रेषेत सरळ येते. अशा जागी नुसती पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सळई चहूबाजूंनी मोकळी करून, गंज घासून, लेप लावून पॉलिमरच्या मालाने भरायची. आमच्या सुदैवाने तुकडा छोटा होता. खोलवर पसरलेलं असतं तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका, हेही त्याने बजावलं.

आता खर्चाचा तक्ता. अहवालाचा हा भाग मी सपशेल नापास करते. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या ओळीत, प्रत्येकीसमोर वेगळा आकडा, खाली बेरीज. बेरीज बरोबर आहे, पण दुरुस्त्या अशा सुट्या-सुट्या येत नाहीत. ओट्याखालचा गळका पाइप घ्या. तक्त्यात फक्त पाइप आणि प्लंबरची मजुरी. प्रत्यक्षात पाइपापर्यंत पोचायला टाइल्स फोडाव्या लागतात. त्या रंगाच्या टाइल्स आता बनत नाहीत, म्हणजे ठिगळ लावा नाहीतर भिंत नवी करा. भिंत नवी करायची तर कडप्प्याची कड सुटते, खालची कपाटं काढावी लागतात, आणि पार्टिकल बोर्डाची कपाटं ओल खाऊन फुगलेली असली की ती परत बसत नाहीत. वर राडारोडा खाली उतरवून गाडीने नेण्याचा खर्च, तो तक्त्यात कुठेच नाही. आमच्या प्लंबरने पहिला घाव घालण्याआधीच सांगितलं, ‘ताई, पाइपचा खर्च काहीच नाही, पाइपापर्यंत जायचा खर्च बोला.’ त्याचं हे एक वाक्य पूर्ण तक्त्यापेक्षा जास्त खरं निघालं. बांधकामातली माणसं अंदाजावर १० ते २० टक्के राखीव ठेवायला सांगतात. जुन्या घरात मी वीसच धरेन, आणि भिंतीत पाणी असेल तर तेही अपुरं पडू शकतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. अहवाल आला त्याच आठवड्यात त्याच कंपनीच्या ‘रिनोव्हेशन विभागा’तून फोन. दोष शोधणारे हे, दुरुस्ती करणारेही हेच. ज्याने वह्या लिहिल्या त्यानेच त्या तपासायच्या, असा हा कारभार. त्यांचं कोटेशन मागवून बघितलं, तर ‘बाथरूम वॉटरप्रूफिंग, एकरकमी’ अशी एक ओळ. किती चौरस फूट, भिंतीवर किती उंचीपर्यंत, कुठलं रसायन, किती हात, काही नाही. मी मापं मागितली, मग फोन यायचे थांबले. त्याच कोटेशनमध्ये फॉल्स सीलिंग आणि प्रोफाइल लाइटही ‘आवश्यक कामं’ म्हणून घुसडले होते. हौसेला माझी ना नाही, आमच्याही घरात पुढे उंच कपाटं आली. पण हौस वेगळ्या कागदावर लिहावी. दुरुस्तीच्या यादीत मिसळली की दोन्ही खर्च फुगतात आणि कापायची वेळ आली की नको तेच कापलं जातं.

मग फी वसूल झाली कशावर? दांडकेवाल्याने शेवटच्या पानावर हाताने लिहून दिलेल्या क्रमावर. आधी बाहेरून आणि वरून येणारं पाणी थांबवा. मग प्लंबिंग, मग वायरिंग, ही दोन्ही कामं भिंती उघड्या असतानाच. मग वॉटरप्रूफिंग आणि त्याची परीक्षा, मग गिलावा, फरशी, सुतारकाम, आणि भिंती सुकल्याशिवाय रंगाऱ्याला बोलवू नका. आम्ही सगळ्यात आधी रंगच द्यायला निघालो होतो, कारण रंगारी लगेच मिळत होता. हा क्रम कंपनीच्या छापील साच्यात नाही, हे विशेष.

वॉटरप्रूफिंगची परीक्षाही त्यानेच सुचवली, केली मात्र नाही. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बुजवून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं आणि २४ ते ४८ तासांनी खालच्या घराचं छत बघायचं. त्यांची भेट काही तासांची, त्यात हे बसत नाही. ते आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून केलं. काकूंनी उत्साहाने दर थोड्या वेळाने फोन करून ‘अजून तरी कोरडं आहे हो’ असं कळवलं. फरशी घालायच्या आधी ही परीक्षा घेतलीच पाहिजे; फरशी बसल्यावर गळती निघाली तर सगळं पुन्हा फोडण्यावाचून इलाज नसतो.

नवीन इमारतीत पहिल्यांदाच ताबा घेणाऱ्यांना ही सेवा घ्यावी असं मी सांगेन, कारण सापडलेले दोष बिल्डरकडून करून घेता येतात आणि फोटोंनी गच्च भरलेला अहवाल तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. जुन्या घरासाठी बुक करताना फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: येणारा माणूस सिव्हिलचा आहे का, आणि दुरुस्तीचं कामही तुम्हीच करता का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तरी तपासणी करून घ्यायला हरकत नाही, काम मात्र दुसऱ्याकडून करून घ्या. थर्मल फोटोंबरोबर त्याच जागेचे ओलाव्याचे आकडेही मागा. न मागता देत नाहीत.

दांडकेवाल्याला पाचपैकी पाच तारे, खर्चाच्या तक्त्याला एक. अ‍ॅपमध्ये दोन्ही वेगळे द्यायची सोय नाही, म्हणून तीन दिले आहेत.