मंगळवेढ्याची ज्वारी की लांबचा तांदूळ, सांगोल्याचं डाळिंब की काश्मीरचं सफरचंद?

फक्त जवळपासचंच खायचं असं ठरवत असाल तर आधी हे वाचा. मी पण वर्षभर पॅकेटवरचं गाव बघून वस्तू परत ठेवत होतो, मग आपल्या खाण्यामुळे हवेत किती कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मिथेनसारखे तापमान वाढवणारे वायू) जातो याचा नीट हिशोब मांडला तेव्हा कळलं की अंतर हा त्यातला लहान तुकडा आहे.

पहिलं धान्य. विदर्भातला तांदूळ ट्रकने ५००-६०० किलोमीटर येतो, त्या प्रवासाचा कार्बन किलोमागे जेमतेम ५०-६० ग्रॅम. पण भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं, त्यातून मिथेन निघतो, आणि तांदळाची जागतिक सरासरी किलोमागे ४ किलो कार्बनच्या वर जाते. म्हणजे तांदूळ कुठून आला यापेक्षा तो तांदूळ आहे हेच मोठं. उलट आपली मालदांडी ज्वारी बघा, काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीत येते, पाणी द्यावं लागलं तरी थोडंच. इथं मी डोळे झाकून ज्वारी म्हणेन, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे.

फळांचं तसं सरळ नाही. सफरचंद २,००० किलोमीटरच्या वर येतं तरी ट्रकचा वाटा किलोमागे पाव किलोच्या आसपास. आणि तुम्ही ताज्या डाळिंबासाठी पेट्रोल कार काढून २० किलोमीटर जाऊन-येऊन २ किलो आणलीत तर ३ किलो कार्बन तुम्हीच सोडला, त्यापेक्षा सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत जाताना बाकीच्या कामासोबत घेतलेलं बरं. विमानाने आलेलं फळ मात्र नकोच, जहाजाच्या कितीतरी पट जास्त पडतं. रेल्वे ट्रकपेक्षा बरीच हलकी, म्हणून २०२० च्या डिसेंबरात सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला शेतमाल नेणारी शंभरावी किसान रेल निघाली तेव्हा मला फार आनंद झाला होता, आपलं डाळिंब तिकडं खाणाऱ्यानं अपराधी वाटून घेऊ नये.

मटण गावातल्याच बोकडाचं असलं तरी रवंथ करणाऱ्या जनावराचा मिथेन काही कमी होत नाही, त्यापुढं बाहेरून आलेली तूर केव्हाही हलकी. महिन्यातून दोन मटणाचे बेत कमी करून शेंगाची आमटी केलीत तर वर्षभर गावं वाचत बसण्यापेक्षा जास्त फरक पडेल.

पालेभाजी तेवढी जवळचीच घ्या आणि रोजच्यापुरती, एप्रिलच्या उन्हात मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि फेकलेल्या जुडीमागचं पाणी, खत, डिझेल सगळं वाया. कडक भाकरीचं तसं नाही, ती डब्यात कितीतरी दिवस राहते.