जिनिव्हातलं सर्नचं सायन्स गेटवे: फेरी अजिबात चुकवू नका

मुलगी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला असते. यंदा तिच्याकडे गेले तेव्हा एकच हट्ट धरला होता, सर्न ही कणभौतिकीची युरोपातली मोठी प्रयोगशाळा बघायची. तीस वर्षं बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवलं, न्यूट्रिनो हे जवळपास वजनच नसलेले कण तीनच प्रकारचे, हे दर वर्षी फळ्यावर लिहिलं. तो आकडा जिथे मोजला, ती जागा डोळ्यांनी पाहायची होती.

जिनिव्हा स्टेशनपासून १८ नंबरची ट्राम घ्या, शेवटच्या थांब्यावर उतरा. समोर रस्त्याच्या वर नळ्यांसारख्या इमारती दिसतात, तेच सायन्स गेटवे. २०२३ च्या ऑक्टोबरात उघडलं, आराखडा वास्तुविशारद रेन्झो पियानोंचा. प्रवेश फुकट. प्रदर्शनं सुंदर आहेत, मुलं तिथून हलत नाहीत. पण मला सांगायचंय ते माहिती सांगणारा माणूस बरोबर असलेल्या फेरीबद्दल.

आमच्या गटाला एक निवृत्त शास्त्रज्ञ मिळाले. मी झेड बोसॉनबद्दल, म्हणजे तयार होताच फुटणाऱ्या एका जड कणाबद्दल, विचारलं आणि ते थांबलेच. माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने त्यांनी एक टेकाड काढलं, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती झेड तयार होतात त्याचा आलेख. त्याच्या वर एक, खाली एक. न्यूट्रिनोचे प्रकार दोनच असते तर टेकाड उंच आणि निमुळतं, चार असते तर बुटकं आणि पसरट. झेडला फुटायला जितक्या वाटा जास्त, तितका त्याचा पसारा मोठा. मग ते मोजमापाचा एकेक ठिपका मांडत गेले. सगळे मधल्या रेषेवर! एलईपी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावरच्या चार प्रयोगांनी मिळून जवळपास १ कोटी ७० लाख झेड नोंदले, त्यातून उत्तर आलं २.९८४, म्हणजे तीनच प्रकार. माझे डोळे भरून आले.

झेडचं वस्तुमान या प्रयोगांनी ९१.१८७६ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) मोजलं, तेही ०.००२१ च्या अचूकतेने. चंद्राच्या ओढीने २७ किलोमीटरचं कडं जेमतेम मिलिमीटरभर ताणलं जायचं, तेवढ्याने कणांची ऊर्जा बदलायची. जवळून जाणाऱ्या आगगाड्यांची वीज रुळांतून जमिनीत झिरपून यंत्राच्या नळीत शिरायची. दोन्ही हिशेबात धरावं लागलं. या काटेकोर आकड्यांवरूनच टॉप क्वार्क हा तोवर न सापडलेला कण पावणेदोनशे जीईव्हीच्या आसपास असावा असा अंदाज आधीच आला होता, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेला तो साधारण तेवढ्याच वस्तुमानाचा सापडला. सिद्धांताची परीक्षा म्हणतात ती ही.

झेडचा भाऊबंद असलेल्या डब्ल्यू बोसॉनचंही विचारलं. २०२२ मध्ये फर्मिलॅबच्या सीडीएफ गटाने त्याचं वस्तुमान ८०,४३३ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) सांगितलं, सिद्धांतापेक्षा बरंच जास्त. २०२४ मध्ये सर्नच्याच सीएमएस प्रयोगाचं मोजमाप ८०,३६० आलं, सिद्धांताला धरून. दोघांत फरक का, याचा उलगडा व्हायचाय, हे त्या शास्त्रज्ञांनी सरळ सांगितलं. तो सरळपणा मला फार आवडला.

एलईपीच्या एल-३ प्रयोगात आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची मंडळी होती, हे मी मुलीला तिथेच सांगितलं.

सोमवारी बंद असतं. फेरीची नोंदणी त्याच दिवशी तिथेच होते आणि जागा मोजक्या असतात, म्हणून सकाळी पोचल्या पोचल्या आधी ती करा, प्रदर्शनं नंतर. आणि वही-पेन्सिल जवळ ठेवा.