पितळ जुनं, अक्षरं नवी

मी डेन्व्हरला राहतो आणि गेली चार वर्षं अमेरिकन रेल्वेच्या सांध्यांची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांची) जुनी कुलपं आणि किल्ल्या जमवतो. आजोबा कर्जतला सांधेवाले होते, त्यामुळे हे वेड कुठून आलं ते आमच्या घरात कुणी विचारत नाही. या वेडापायी गेल्या वर्षी माझे साडेसहाशे डॉलर बुडाले. ज्याने बुडवले त्याने एकही नवी वस्तू बनवली नव्हती, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हाताने फिरवायच्या सांध्याला इथे कुलूप असतं, येणाऱ्याजाणाऱ्याने रूळ बदलू नयेत म्हणून. जुन्या कुलपांतली बरीचशी पितळेची, पत्त्यातल्या बदामासारखी. किल्लीही पितळी, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि तिची दांडी पोकळ, कारण कुलपातली खुंटी तिच्यात शिरते. एका कंपनीच्या पुष्कळ सांध्यांना एकच किल्ली चाले. ती भलत्या हाती जाऊ नये म्हणून कड्यावर कंपनीची आद्याक्षरं आणि क्रमांक ठोकलेला असे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे किल्ली हरवली तर चार्जशीट मिळायची, आणि तू ती विकत घेतोस?"

या छंदात सगळा भाव त्या अक्षरांना. शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी ही प्रचंड मोठी रेल्वे, तिची किल्ली मला पंचवीस डॉलरला मिळाली. तेवढंच पितळ, पण अक्षरं कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एखाद्या बुडालेल्या नॅरोगेजची (अरुंद रुळांच्या रेल्वेची) असली की किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणजे चार-पाच ठोक्यांत वस्तूचा भाव वीसपट. हे मला माहीत होतं. तरी फसलो.

ती पंचवीस डॉलरची किल्ली मी ज्याच्याकडून घेतली, तोच हा माणूस. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचं टेबल होतं. किल्ली अस्सल होती, आजही माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात त्याने आणखी एक दिली, तीही अस्सल, वर दहा डॉलर कमी केले. तिसऱ्या वेळी त्याने टेबलाखालून रुमालात गुंडाळलेलं कुलूप आणि किल्ली काढली. डेन्व्हर, साउथ पार्क अँड पॅसिफिक! १८७२ साली सुरू झालेली कंपनी, दोन रुळांत अंतर तीन फूट (आपल्या माथेरानच्या गाडीचं दोन फूट), १८८२ साली खुला झालेला अल्पाइन बोगदा. इथल्या रेल्वेवेड्यांसमोर हे नाव घेतलं की आवाज खाली येतो. त्याचे पणजोबा म्हणे याच रेल्वेच्या कोमो गावातल्या इंजिनशेडमध्ये होते. सांगताना त्याने किल्ली लावली, फिरवली, कुलूप खट्‌कन उघडलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं कुलूप हातात उघडताना पाहिलं आणि मी पुढचं काही विचारलंच नाही.

पैसे फोनवरून पाठवले. शुल्क वाचेल म्हणून 'मित्र किंवा नातेवाईक' हा पर्याय निवडा, असं त्यानेच सुचवलं. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नसतं, आणि तो माझा कोणीही लागत नव्हता.

दोन महिन्यांनी एका जुन्या संग्राहकाने भिंग लावलं आणि किल्ली माझ्यासमोर सरकवली. तुम्हीच बघा म्हणाला. कड्यावर बारीक ओरखडे होते, वर्षानुवर्षं खिशात, जुडग्यात घासून पडतात तसे. खऱ्या किल्लीवर असे ओरखडे अक्षरांवरूनही जातात. इथे ते अक्षराच्या काठाशी येऊन तुटत होते. म्हणजे ओरखडे आधीचे, अक्षरं नंतरची. ठोकताना धातू बाजूला सरून अक्षराभोवती जी कड उठते ती वापराने झिजून जाते. माझ्या किल्लीवर ती नखाला लागत होती. अक्षरांच्या आत काळपट रंग होता, पण टाचणीच्या टोकाने खरवडल्यावर खाली लख्ख पिवळं पितळ.

आणि दांडीवर बारीक अक्षरांत 'अ‍ॅडलेक'. शिकागोच्या अ‍ॅडम्स अँड वेस्टलेक या कारखान्याचा हा छाप. मी तो घेतानाच वाचला होता, नामांकित कारखाना म्हणून खूशही झालो होतो. पण त्यांचा जुना छाप 'ए अँड डब्ल्यू'. अ‍ॅडलेक हे आखूड नाव पुढच्या काळातलं. साउथ पार्क कंपनी तर १८८९ साली लिलावात गेली आणि रेल्वेचं नावच बदललं. जी कंपनी उरलीच नव्हती तिच्यासाठी किल्ली कोण घडवणार?

कुलूप उघडलं त्याचं काय, मी विचारलं. तो हसला. जोडी जुनीच होती, दुसऱ्या कुठल्या तरी रेल्वेची, पण कड्यावर रेल्वेची अक्षरं नसलेली. अशा किल्लीला पंधरावीस डॉलरवर कुणी देत नाही, म्हणून तिच्यावर मागणी असलेलं नाव ठोकायचं. कुलूप उघडतं यावरून किल्ली त्या कुलपाची आहे एवढंच कळतं. कुलूप कोणाचं ते कळत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आपल्यालाही ती तशीच मिळाली होती, म्हणाला. मग पणजोबांचं काय, असं विचारल्यावर फोन बंद. पुढच्या बाजारात त्याच्या टेबलाच्या जागी एक बाई काचेच्या बरण्या विकत होत्या. आता मी दहा डॉलरचं भिंग बाळगतो आणि घेण्याआधी किल्ली चोवीस तास मागून घेतो, अनामत ठेवून. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेत नाही. दोघे नाही म्हणालेत.

बाबांना सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण कुलूप लागतं ना नीट?"

"लागतं."

"मग सायकलला लाव."