थेरपीचे प्रकार: कुठली कशावर चालते आणि कुठे अडते

थेरपी निवडताना बहुतेक लोक आपल्या आजाराचं नाव शोधतात. त्याहून उपयोगी प्रश्न असा, की त्रास आज टिकून कशामुळे आहे? टाळाटाळीमुळे, पुन्हापुन्हा खात्री करून घेण्यामुळे, नात्यातल्या पेचामुळे, की भावना आवरता येत नाहीत म्हणून? या कसोटीवर नेहमीचे प्रकार तपासले, तर कोणाचा कशाला उपयोग हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणारी थेरपी, सगळ्यात सहज मिळते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती नैराश्यासाठी मांडली. साधारण १२ ते २० सेशन, आठवड्याला एक, प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटं. नैराश्य आणि चिंता या दोन्हींसाठी ती भरवशाची आहे, पण तिचं इंजिन गृहपाठात असतं. विचारांची नोंदवही भरायची नसेल तर पैसे वाचवलेले बरे. नोंदवहीत लोक नेमके शेवटच्या रकान्यात, म्हणजे पर्यायी विचार लिहायच्या जागी, चुकतात. समजा प्रसंग असा: साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही. विचार, ‘माझ्यावर चिडलेत’. चिंता १०० पैकी ८०. इथे ‘सगळं छान होईल’ असं लिहिलं की मन ते मानत नाही. ‘काल त्यांनी इतरांनाही उत्तरं दिली नव्हती, चिडले असतीलही, पण मेलवरून ते कळत नाही’ असं लिहिलं की चिंता ५० वर येते. ही ३० अंकांची उतरण खरी असते. आकडा एकदम शून्यावर आला तर नोंद थेरपिस्टला खूश करायला लिहिली असण्याची शक्यता जास्त. नैराश्य इतकं खोल असेल की पेनही उचलवत नाही, तर विचारांच्या मागे न लागता आधी आंघोळ, दहा मिनिटं चालणं, एक फोन अशी छोटी कामं वेळापत्रकात बसवणारा थेरपिस्ट हवा.

मंत्रचळ म्हणजे ओसीडी असेल तर नुसती बोलण्याची थेरपी घेऊ नये. ‘जंतू लागतील का?’ यावर तासभर चर्चा झाली की ती चर्चाच एक नवीन दिलासा बनते आणि चक्र आणखी घट्ट होतं. इथे ईआरपी लागते: भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम करायची आणि नंतरची कृती रोखायची. आधी भीतीची शून्य ते १०० अशी शिडी तयार होते. स्वतःच्या घराची कडी ३०, लिफ्टचं बटण ५०, सार्वजनिक स्वच्छतागृहाचा नळ ८५. सुरुवात ३०-४० पासून करायची. कडीला हात लावायचा आणि हात न धुता थांबायचं. अस्वस्थता उतरली तर उत्तम. नाही उतरली तरी ती सोसता येते हे कळणं पुरेसं असतं. फसतं ते इथे: हात गुपचूप पँटला पुसले जातात, मनात जप चालू होतो, किंवा घरचे प्रेमाने ‘काही होत नाही रे’ म्हणतात. म्हणून निदान एका सेशनला घरच्यांना बोलावणारा थेरपिस्ट पसंत करावा.

निद्रानाशासाठीची सीबीटी-आय फारशी कोणी मागत नाही. खरं तर ४ ते ८ सेशनमध्ये इतकं काम करणारं दुसरं काही क्वचितच सापडेल. आधी एक-दोन आठवडे झोपेची डायरी. अंथरुणात साडेआठ तास आणि झोप साडेपाच असेल, तर अंथरुणातला वेळही साडेपाच तासच. पाचाच्या खाली मात्र सहसा जायचं नाही. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोपेत जाऊ लागला की १५-१५ मिनिटं वाढवायची. पहिल्या आठवड्यात दिवसभर पेंग येते आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. बायपोलर किंवा फेफरं असेल तर हा वेळ कमी करण्याचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पेंग येत असताना गाडी तर नकोच.

डीबीटी, म्हणजे भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारी थेरपी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची. भावनांचे टोकाचे चढउतार आणि स्वतःला इजा करण्याची ओढ यांवर ती बनवलेली आहे. पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात: वैयक्तिक सेशन, कौशल्यांचा गट, मधल्या काळात फोनवर मदत आणि थेरपिस्टांची स्वतःची टीम. ‘डीबीटीवर आधारित’ अशी पाटी असेल तर यातलं काय मिळणार हे विचारून घ्यावं. पुष्कळदा फक्त वर्कशीट हातात पडतात.

पीटीएसडीसाठी, म्हणजे आघाताच्या आठवणी आणि भीती पुन्हापुन्हा उसळत राहतात त्या आजारासाठी, ईएमडीआर (आघाताची आठवण मनात आणत डोळे डावीउजवीकडे हलवायचे) किंवा आघातावर केंद्रित सीबीटी, दोन्ही चालतात. ईएमडीआरमध्ये डोळे हलवण्याचा वाटा किती यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे, पण उपयोग होतो. घटना घडल्या घडल्या एकाच बैठकीत सगळं बोलायला लावणारी सेवा मात्र टाळावी. शोक, नात्यातला तंटा किंवा भूमिका बदलल्यामुळे आलेलं नैराश्य असेल तर आयपीटी, म्हणजे नात्यांवर काम करणारी थेरपी, १२ ते १६ सेशन. तेच ते नातं नव्या माणसाबरोबर पुन्हा घडत असेल तर सायकोडायनॅमिक, म्हणजे जुन्या नात्यांचे मनावरचे ठसे उलगडणारी थेरपी. फक्त घाई नसावी.

पहिल्याच फोनवर तीन प्रश्न विचारावेत: माझ्या त्रासासाठी नक्की काय करणार, साधारण किती सेशन, आणि फरक पडतोय हे कशावरून मोजणार? तिसऱ्या प्रश्नावर अडखळणारे बरेच निघतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही २७ गुणांची प्रश्नावली पुरते. ती दर एक-दोन आठवड्यांनी भरावी. ५ गुणांची घट म्हणजे जाणवण्याजोगा फरक. चार-सहा सेशननंतरही आकडा हलला नाही, तर थेरपिस्टशी उघड बोलावं आणि पद्धत बदलावी. भास होत असतील किंवा झोपेशिवाय अनेक दिवस प्रचंड उत्साह टिकत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, थेरपी नंतर. प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, ते त्याच दिवशी थेरपिस्टला किंवा डॉक्टरांना सांगावं.